नाकाची सर्जरी मनासारखी झाली नाही, तर डॉक्टरची जबाबदारी नेमकी कुठे येते?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काय समजलं ते तुम्हालाही कळेल. तुम्ही गोंदियाच्या, वय २७, नोकरी करता. पाच महिन्यांपूर्वी नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात नाकावरचा उंचवटा काढून घेतला. सर्जन बाहेरगावचे, महिन्यातून एखाद्या रविवारी येणारे. त्यांनी आधी कॉम्प्युटरवर ‘असं दिसेल’ म्हणून फोटो दाखवला. संमतीची सही ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, गाउन घातल्यावर, इंग्रजी फॉर्मवर घेतली, वडिलांचीही घेतली. आता शेंडा किंचित डावीकडे झुकलाय, रात्री उजवी नाकपुडी बंद होते, आणि डॉक्टर फोनवर ‘सूज आहे, थांबा’ एवढंच सांगतात. तुमचा आधीचा आणि नंतरचा फोटो मात्र दवाखान्याच्या इन्स्टाग्रामवर झळकतोय. हा निष्काळजीपणा ठरतो का, पोलिसात जायचं की ग्राहक मंचात, आणि दुसऱ्या कुणाकडून लगेच दुरुस्त करून घ्यायचं का, असं तुम्ही विचारलंय.

मी नागपुरात प्लास्टिक सर्जरी करतो, आणि अशा तक्रारींवर तज्ज्ञ म्हणून मत द्यायची वेळही अधूनमधून येते. तुम्हाला मी तपासलेलं नाही, केसपेपर पाहिलेला नाही, समोरच्या डॉक्टरांची बाजू ऐकलेली नाही. तेव्हा खाली जे लिहितोय ते तुमच्या केसचा निकाल नव्हे.

तुमच्या एका तक्रारीत चार वेगवेगळी भांडणं आहेत: दिसण्याचं, श्वासाचं, संमतीचं आणि फोटोचं. ती एकत्र मांडली की समोरचा वकील सगळ्यात कच्चं भांडण उचलतो आणि बाकीची त्यातच बुडवतो. तुमचं कच्चं भांडण दिसण्याचं आहे, निदान आज तरी.

पाचव्या महिन्यात नाकाचा निकाल लावता येत नाही. हाड कापून जवळ आणलं, कूर्चा (नाकातला मऊ, लवचिक हाडासारखा भाग) तासली, की वरची त्वचा त्या नव्या सांगाड्यावर बसायला वेळ घेते. डोळ्यांखालचं काळंनिळं दोन-तीन आठवड्यांत जातं, पण शेंड्याची सूज सगळ्यात शेवटी उतरते. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या नाकाची त्वचा जाड असते, त्यांना वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. सूज दोन्ही बाजूंनी सारखी उतरत नाही, म्हणून मधल्या काळात शेंडा एका बाजूला गेल्यासारखा दिसू शकतो. म्हणजे ‘थांबा’ हा सल्ला चुकीचा नाही. तपासल्याशिवाय फोनवरून दिलेला ‘थांबा’ चुकीचा आहे.

याच कारणासाठी लगेच दुरुस्ती करून घेऊ नका. कच्चा व्रण पुन्हा उघडला की आत कूर्चा कोणती आणि व्रणाची गाठ कोणती हे हाताला कळत नाही, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्याहून अवघड होऊन बसतं. आम्ही साधारण वर्षभर थांबतो. ‘पुढच्या आठवड्यात या, करून टाकू’ म्हणणाऱ्या सर्जनकडे गेलात, तर तुमची अडचण सुटायच्या ऐवजी दुप्पट व्हायची.

श्वासाच्या बाबतीत मात्र थांबू नका. उंचवटा वरच्या भागात हाडाचा आणि खालच्या भागात कूर्चेचा असतो. तो काढताना दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला दोन्ही बाजूंनी जोडलेल्या वरच्या कूर्चा सुटतात. त्या नीट परत बांधल्या नाहीत, किंवा गरज असताना मध्ये आधाराची पट्टी, म्हणजे स्प्रेडर ग्राफ्ट, बसवली नाही, तर श्वास आत घेताना ती बाजू आत ओढली जाते. दुसरी शक्यता अशी की पडदा आधीपासूनच वाकडा होता (लोक त्याला ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतात). पूर्वी तेवढं चालून जात होतं, नाक अरुंद झाल्यावर चालेनासं झालं. तिसरी शक्यता साध्या आतल्या सुजेची किंवा ॲलर्जीची. घरी एक करून बघा: उजव्या नाकपुडीशेजारी गालावर बोट ठेवून त्वचा हलकेच कानाकडे ओढा. श्वास लगेच मोकळा झाला तर संशय त्या आत ओढल्या जाणाऱ्या भागाकडे जातो. हा फक्त इशारा आहे, निदान कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून बघूनच करतील. खासगीत जायचं नसेल तर नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ईएनटी (कान-नाक-घसा) ओपीडीत जा, तिथला कागद पुढे उपयोगी पडेल.

अशी केस मत द्यायला आली की मी ऑपरेशनची नोंद नंतर वाचतो, आधी ओपीडीचा पहिला कागद शोधतो. ऑपरेशनआधी श्वासाबद्दल विचारलं होतं का? पडदा बघितला होता का? ‘पडदा मध्यात’ किंवा ‘पडदा उजवीकडे वाकडा’ अशी एक ओळ तरी आहे का? ती ओळ असेल आणि त्याप्रमाणे नियोजन केलं असेल, तर नंतर त्रास झाला तरी तो शस्त्रक्रियेचा ज्ञात धोका मानता येतो. ती ओळच नसेल, तर बाहेरचा आकार बदलायला घेतलेल्या माणसाने आत डोकावलंच नाही असा अर्थ निघतो. पुढे ऑपरेशन कितीही सफाईने केलं असलं तरी डॉक्टर तिथे अडकतो.

आता कायदा. निकाल मनासारखा नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं न्यायालयं मानत नाहीत. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सर्जन शंभर टक्के यशाची हमी देत नसतो. त्याच्याकडे ते काम करण्याचं कौशल्य होतं का आणि त्याने ते वाजवी काळजीने वापरलं का, एवढंच बघायचं. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार ढोबळ, अगदी बेपर्वा स्वरूपाचा असावा लागतो, आणि कारवाईआधी पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं असंही त्या निकालात आहे. म्हणून पोलीस ठाण्याची पायरी तुमच्यासाठी नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तिथे फक्त महिने जातील.

इथवर अपेंडिक्सचं ऑपरेशन आणि तुमचं ऑपरेशन यांना एकच माप लागतं. फरक यापुढे पडतो, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे.

१७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेचं वर्णन छापून आलं. कावसजी नावाचा मराठी माणूस इंग्रज फौजेचे बैल हाकायचा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला होता. विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. त्यानंतर युरोपातले सर्जन ही पद्धत शिकले. कावसजीला ‘नको करू’ म्हणण्यात काही अर्थ नव्हता. तुमचं नाक धडधाकट होतं. तुम्हाला आजार नव्हता, म्हणून ‘न करणं’ हा पर्याय शेवटच्या मिनिटापर्यंत उपलब्ध होता, आणि त्याचा आरोग्याला तोटा शून्य होता. करविभागालाही हा फरक कळतो: जन्मजात व्यंग, अपघात यामुळे बिघडलेलं पूर्ववत करायची प्लास्टिक सर्जरी आरोग्यसेवा म्हणून जीएसटीतून सुटते, निव्वळ सौंदर्यासाठी केलेली सुटत नाही.

रुग्ण निरोगी असेल तर धोका सांगण्याची जबाबदारी वाढते. पोट फुटायची वेळ आलेल्या माणसाला मी दहा धोके सांगितले तरी तो ऑपरेशन करूनच घेणार. नाकावरच्या उंचवट्यासाठी आलेल्या मुलीला ‘श्वासाला त्रास होऊ शकतो, काहींना दुसऱ्यांदा ऑपरेशन लागतं’ असं शांतपणे सांगितलं, तर ती कदाचित घरी परत जाईल. म्हणून न सांगणं इथे जास्त गंभीर. कॉस्मेटिकमध्ये डॉक्टर चुकला तर तो बहुतेक वेळा चाकू हातात घेण्याआधीच चुकलेला असतो, असं माझं कागद वाचून झालेलं मत आहे.

संमतीवरचा आपल्याकडचा महत्त्वाचा निकाल समीरा कोहली खटल्याचा, २००८ चा. रुग्ण दुर्बिणीतून तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलेखाली असताना आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, तातडी नव्हती, तर संमती तिचीच लागते, आणि ती उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि ठळक धोके पुरेसे समजावून मगच घ्यायची. त्या निकालात भरपाई मिळाली २५ हजार रुपये, आणि डॉक्टरांना फी सोडावी लागली. हा आकडा मुद्दाम सांगतोय, कारण आकड्यांच्या बाबतीत बातम्या वाचून अपेक्षा फुगतात.

तुमच्यावर हे लावून बघू. वडिलांच्या सहीने तुमची संमती भरून निघत नाही. सकाळी, ओटीच्या वाटेवर घेतलेली सही आपोआप रद्द होत नाही, पण त्याआधी ओपीडीत कुणी समजावून सांगितलं होतं का, हा प्रश्न मग टोकदार होतो. सहीआधी झोपेची गोळी किंवा इंजेक्शन दिलं होतं का ते आठवा, भुलेच्या कागदावर त्याची वेळ असते. फॉर्ममध्ये ‘कोणत्याही परिणामास दवाखाना जबाबदार राहणार नाही’ असं छापलेलं असेल तर त्याला घाबरू नका. निष्काळजीपणाची जबाबदारी अशा ओळीने टळत नाही.

कॉम्प्युटरच्या फोटोबद्दल. तो मीही दाखवतो, कारण ‘बारीक नाक’ म्हणजे तुमच्या मनात काय आणि माझ्या मनात काय, हे त्याशिवाय जुळत नाही. पण त्या फोटोची प्रिंट देताना त्यावर ‘केवळ कल्पनेसाठी’ असं लिहून पेशंटची सही घेतो. ‘असंच होईल’ असं कुणी व्हॉट्सॲपवर लिहून दिलं असेल तर तो संदेश जपून ठेवा. दिसण्याचं तुमचं कच्चं भांडण अशा एखाद्या संदेशाने पक्कं होतं, कारण मग मुद्दा सेवा विकताना केलेल्या दाव्याचा होतो.

माझ्याकडची पद्धत सांगतो, म्हणजे तुलना करता येईल. पहिल्या भेटीत मी तारीख देत नाही. दुसरी भेट किमान दोन आठवड्यांनी, आणि तेव्हा मराठीत किंवा हिंदीत, पेशंटची जी भाषा असेल तिच्यात, फॉर्म घरी नेऊन वाचून आणायला सांगतो. त्यात कोण ऑपरेशन करणार, भूल कोण देणार, दुरुस्ती लागली तर खर्च कुणाचा, हे लिहिलेलं असतं. काही जणांना सरळ नाही म्हणतो. सासरच्यांनी फोटो बघून ‘नाक तेवढं ठीक करून घ्या’ सांगितलं म्हणून लग्नाच्या दोन महिने आधी आलेली मुलगी. आणि तो माणूस ज्याला आरशात असा दोष दिसतो जो मला हातभर अंतरावरून शोधावा लागतो. दुसऱ्याला बहुधा मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. कितीही नाकं बदलली तरी त्याचं समाधान होत नाही. इथे नाही म्हणालो की पेशंट रस्ता ओलांडून दुसरीकडे जातो हे खरं आहे, नागपूरच्या दवाखान्यांनी भरलेल्या रामदासपेठेत तर रस्ताही ओलांडावा लागत नाही. तरी नाही म्हणायचं.

बाहेरगावहून येणाऱ्या सर्जनचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय, मला तो मोठा वाटतो. पाहुणे सर्जन येणं यात गैर काही नाही, गोंदिया-भंडाऱ्यापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे पेशंट नागपूरला येतात आणि इथल्या दवाखान्यांना ते परवडतं. पण ऑपरेशननंतरची देखभाल हाही उपचारच आहे. ते नसताना टाके, रक्तस्राव, श्वासाचा त्रास कोण बघणार हे आधी ठरलेलं आणि तुम्हाला सांगितलेलं हवं. दवाखाना ‘ते आमचे नोकर नाहीत, त्यांनाच विचारा’ म्हणू लागला तर सविता गर्ग खटल्याचा २००४ चा निकाल लक्षात ठेवा: पाहुण्या डॉक्टरच्या कामासाठीही रुग्णालयाला जबाबदार धरता येतं. तक्रारीत दोघांचीही नावं घाला.

त्यांची पदवीही तपासा, संशय म्हणून नव्हे, कागद पूर्ण हवा म्हणून. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी म्हणजे पदवी नाही. प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी, किंवा नाकाच्या कामासाठी ईएनटीची पदव्युत्तर पदवी, असं काहीतरी हवं. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्याची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर शोधता येते. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केसरोपणाबद्दल सूचना काढल्या, त्यात कार्यशाळा बघून किंवा यूट्यूबवर पाहून झालेलं प्रशिक्षण पुरेसं नाही असं बजावलंय. आयोगाला असं लिहावं लागलं यातच काय ते आलं. (नागपुरात एनएमसी म्हटलं की महानगरपालिका समजतात. दवाखान्याच्या नोंदणीची चौकशी करायची असेल तर त्या एनएमसीच्या आरोग्य विभागात जा.)

फोटोचं भांडण सगळ्यात सोपं. ऑपरेशनची संमती म्हणजे फोटो छापायची संमती नव्हे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आजही लागू आहेत (२०२३ मध्ये नवे आले, पण महिनाभरही टिकले नाहीत, स्थगित झाले). त्या नियमांनुसार ओळख पटेल असा फोटो रुग्णाच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, आणि जाहिरातबाजी करून पेशंट ओढणंही चालत नाही. फॉर्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात परवानगी घेतलीय का बघा. घेतली असली तरी ‘आता मागे घेते, फोटो काढा’ असं लेखी कळवा. काढण्याआधी त्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

आता काय करायचं, क्रमाने. सगळ्यात आधी दवाखान्याला लेखी अर्ज देऊन पूर्ण कागदपत्रांच्या प्रती मागा: ओपीडीचे कागद, संमतीपत्र, ऑपरेशनची नोंद, भुलेचा तक्ता, ऑपरेशनआधीचे फोटो. अर्जाची पोच घ्या, नाही दिली तर स्पीड पोस्टने पाठवा. याच २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात, आणि नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपाव्या लागतात. पावती साध्या पॅडवर असेल तर बँकेचं किंवा यूपीआयचं स्टेटमेंट काढून ठेवा. मग ईएनटी तपासणी, आणि दुसऱ्या एखाद्या प्लास्टिक सर्जनचं लेखी मत. एक विनंती, इंटरनेटवर डॉक्टरचं नाव घेऊन काही लिहू नका. बदनामीची उलटी नोटीस आली की लोक मूळ तक्रार सोडून तिच्या मागे लागतात.

त्यानंतर डॉक्टरांना आणि दवाखान्याला एक मुद्देसूद पत्र: मला हा त्रास आहे, तपासणीत हे निघालं, तुम्ही काय करणार. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, दुरुस्तीचा खर्च उचलून किंवा पैसे परत देऊन. मिटलं तर लेखी घ्या.

नाही मिटलं तर ग्राहक आयोग, ज्याला लोक अजून मंचच म्हणतात. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ पासून पक्कं आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथे, म्हणजे गोंदियातच, तक्रार दाखल करता येते, नागपूरला खेपा घालायची सक्ती नाही. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि वकील देणं बंधनकारक नाही, पण वैद्यकीय प्रकरणात द्यावा असं मी म्हणेन. मुदत दोन वर्षांची. नाक म्हणतंय वर्षभर थांब, कायदा म्हणतोय दोन वर्षांत ये. तारीख ऑपरेशनच्या दिवसापासूनच धरून चाला. ‘सूज उतरेल’ या आशेवर तिसरं वर्ष उजाडलेले लोक मी पाहिले आहेत. वैद्यकीय परिषदेकडची तक्रार वेगळी. तिथे पैसे मिळत नाहीत, डॉक्टरच्या वागणुकीचा निवाडा होतो, अगदी नोंदणी काही काळ निलंबित होण्यापर्यंत. फोटो आणि संमती हे दोन मुद्दे तिथे शोभतात.

राहिला प्रश्न दुरुस्ती त्याच डॉक्टरांकडून करून घ्यावी का. ते तुम्हाला समोर बसवून तपासायला तयार असतील, स्वतःची ऑपरेशनची नोंद तुमच्यासमोर उघडून आत काय केलं ते सांगत असतील, तर एकदा जरूर ऐका. कूर्चा कुठून घेतली, किती काढली, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. पण फोनवरच्या ‘थांबा’च्या पुढे ते जात नसतील, तर दुसरीकडे जा आणि तिथे त्यांची ऑपरेशन नोट घेऊन जा. ती नसेल तर नव्या सर्जनला आत काय शिल्लक आहे याचा अंदाज बांधत काम करावं लागेल, आणि कदाचित कानाची किंवा बरगडीची कूर्चा लागेल. त्या वेळी कसली घाई नसताना, मराठीतल्या कागदावर सही करा.